कुलपातली हवा

"पाव घेऊन येतो," असं व्याह्यांना सांगून सातुर सकाळी साडेसहाला धर्मशाळेतून बाहेर पडला, तेव्हा त्याच्या पाठीवर नऊ किलोंची निळी पिशवी होती. पंधरा मिनिटांनी तो परत आला तेव्हाही पाठीवर निळी पिशवीच होती, तशीच टम्म भरलेली. फक्त आता तिचं वजन पाऊण किलो होतं. पाव मात्र आणायचा राहून गेला होता.

"पाव आणायला पिशवी कशाला नेलीत?" दाराशी बुटांच्या नाड्या आवळत बसलेल्या बाल्बिनोने विचारलं.

"पाठीला सवय होऊ दे म्हटलं."

"आणि पाव?"

"संपले," सातुर म्हणाला. गावात सकाळी साडेसहाला पाव संपतात हे ऐकून बाल्बिनोने एक भुवई वर केली, पण व्याह्यांना खोटं कसं पाडायचं? त्याने मुकाट्याने आपली गोल टोपी डोक्यावर चढवली.

प्रकरण असं होतं. सातुरची मुलगी नेरेआ आणि बाल्बिनोचा मुलगा बेन्यात यांचं ऑगस्टमध्ये लग्न होतं. मुलामुलीचं जमलं, दोघांच्या आयांचं तर त्याहून जमलं, पण बापांचं एका गोष्टीवर अडलं. लग्नाचं जेवण कुठे? सातुरने पाम्प्लोनात चाळीस वर्षं कुलूपकिल्ल्यांचं दुकान चालवलं, आणि त्यातली तीस वर्षं दर गुरुवारी खवय्यांच्या मंडळाच्या स्वयंपाकघरात पदर नसला तरी एप्रन खोचून तो उभा राहिला. तिथे नुसते पुरुष रांधतात, आणि लसूण-मिरचीतला कॉड मासा सातुरच्या हातचा, असं सगळं मंडळ म्हणतं. नेरेआ सहा वर्षांची असताना त्याच्या मांडीवर बसून ताट पुसून खायची आणि म्हणायची, "बाबा, माझ्या लग्नात हेच." ते वाक्य त्याने पंचवीस वर्षं जपून ठेवलं होतं. ते खरं करायचं तर जेवण मंडळातच व्हायला हवं होतं.

बाल्बिनो इसाबाचा. डोंगरातला माणूस, साडेचारशे मेंढ्या, आणि दर सप्टेंबरात त्या मेंढ्या घेऊन दक्षिणेच्या माळापर्यंत आठवडाभर चालत जाणारा. त्याच्या घराण्यात सात पिढ्यांची लग्नं गावच्या चौकात झाली होती, कोकरू भाजून. आठव्या पिढीचं जेवण चौकाबाहेर घातलं तर वडील थडग्यातून उठून येतील, असं तो म्हणे. दोन महिने फोनवर हेच चाललं. शेवटी दोघी आयांनी वैतागून फर्मान काढलं: सें-जाँहून डोंगर चढायचा, रोन्सेसव्हायेसच्या मठात उतरायचं, सांतियागोच्या तीर्थयात्रेच्या वाटेचा तो पहिला दिवस. आपापली पिशवी आपापल्या पाठीवर. जो आधी पिशवी उतरवून दुसऱ्याच्या हाती देईल तो हरला. पुढचे साडेसातशे किलोमीटर चालायला कुणी सांगितलेलं नव्हतं.

सातुर बासष्टचा, पोट त्याहून मोठं. चौदाशे मीटर चढायचं म्हणजे आपलं काय होणार हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून त्याने डोकं लढवलं. त्याच दुकानातून तशीच दुसरी निळी पिशवी आणली, घडी घालून पहिलीत लपवली. सकाळी खरी पिशवी सामान पोचवणाऱ्या व्हॅनवाल्याकडे दिली, चिठ्ठीवर स्वतःचं नाव आणि मठाचा पत्ता लिहिला, आणि दुसरीत समुद्रावर खेळायचा मोठा लालपांढरा चेंडू घालून गाल दुखेपर्यंत फुगवला. वर आपल्या हाताने चेनला कुलूप लावलं. कुलूपवाल्याची पिशवी, तिला कुलूप नसेल तर शोभा काय?

सुरुवातीचे दोन तास सातुरच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते. जूनची सकाळ, खाली दरीत धुकं दुधासारखं साचलेलं, गवतात मेंढ्यांच्या घंटा वाजत होत्या, आणि तो चक्क गाणं म्हणत चढत होता. तरणीताठी पोरं मागे पडून धापा टाकत होती. बाल्बिनो त्याच्या मागे, काठी टेकत.

"व्याही, तुम्ही तर शेळीसारखे चढताय हो!"

"दुकानात उभं राहून राहून पाय तयार झालेत."

"मी घरी म्हणालो होतो, मुलीचा बाप शहरातला आहे, पहिल्याच वळणावर बसेल. चुकलो." बाल्बिनोने मनापासून सांगितलं. सातुरला बरं वाटलं, आणि लगेच सकाळची व्हॅन आठवली. ती आठवण त्याने गाणं जरा मोठ्याने म्हणून दडपून टाकली.

पिशवी मधूनच चूं-चूं करायची. "नवीन पट्टे आहेत," सातुर म्हणाला. जसजसं वर जावं तसतशी कोंडलेली हवा फुगत जाते, हे शाळेत शिकवतात. त्या दिवशी सातुर बहुधा गैरहजर होता.

ओरिसोंच्या विसाव्यावर सगळे जेवायला बसले तेव्हा पहिली पंचाईत झाली. सातुरचं मांसाचं सॅंडविच, सफरचंदं, पाण्याची बाटली, सगळं व्हॅनमधून ऐटीत पुढे गेलेलं.

"काढा की डबा," बाल्बिनो म्हणाला.

सातुरने खिसे चाचपले. एक खिसा, दुसरा खिसा, पुन्हा पहिला. "किल्ली घरी राहिली वाटतं."

"तुमची? किल्ली?" बाल्बिनो त्याच्याकडे बघतच राहिला. "चाळीस वर्षं अख्ख्या पाम्प्लोनाची दारं उघडलीत तुम्ही. द्या इकडे, दगडाने फोडतो कुलूप."

"नको नको!" सातुर पिशवीला मिठी मारत ओरडला. "जर्मन कुलूप आहे. कोकरासारखं जपलंय मी त्याला."

मेंढपाळ माणसाला कोकरू जपलेलं लगेच कळतं. बाल्बिनोने उचललेला दगड बाजूला टाकला. आपला पाव मधोमध मोडला, सुरीने लाल सॉसेजचे जाड तुकडे केले आणि मोठा वाटा व्याह्यांपुढे ठेवला. पाणीही दिलं. अर्ध्या तासाने ढग उतरले, गार वारा सुटला, सातुरचा रेनकोट अर्थातच व्हॅनमध्ये, तेव्हा बाल्बिनोने स्वतःची घोंगडी त्याच्या खांद्यावर टाकली. "मला सवय आहे," म्हणाला. सातुर त्या घोंगडीत शिरला आणि त्याला आपली लाज वाटायला लागली. मेंढ्यांचा वास येत होता तिला, आणि ऊबही चांगलीच होती.

बियाकोरीच्या मेरीमातेच्या मूर्तीपाशी खडकावर एक नन बसलेल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे, पायात मजबूत बूट, आणि शेजारी एक तपकिरी पिशवी, जिचा पट्टा मुळापासून तुटला होता. सिस्टर फेलिसितास त्यांचं नाव. बुर्गोसकडच्या एका मठातून आल्या होत्या.

"पिशवीत आहे काय एवढं?" बाल्बिनोने उचलून बघितली आणि फुस्सकन श्वास सोडला.

"अंजिराच्या मुरंब्याच्या बारा बरण्या," सिस्टर म्हणाल्या. "आमच्या मठाकडून रोन्सेसव्हायेसच्या मठाला. मदर सुपीरियर म्हणाल्या पार्सलने फुटतील, तू हाताने ने. आता देवालाच काळजी."

"देवाला कशाला त्रास? आमचे व्याही आहेत की!" बाल्बिनो अभिमानाने म्हणाला. "सकाळपासून पिसासारखे चढताहेत. त्यांना दोन पिशव्या म्हणजे काहीच नाही."

सातुरने खांद्यावरची घोंगडी उगाच सारखी केली. काय म्हणणार? वजन झेपत नाही म्हणावं तर आतापर्यंत झेपत होतं ते काय होतं? सिस्टर त्याच्याकडे अशा नजरेने बघत होत्या की नाही म्हणणं म्हणजे मेरीमातेच्या समोरच पाप. त्याने मान डोलावली.

बाल्बिनोने कमरेचा दोर सोडला. मेंढपाळ दोराशिवाय घराबाहेर पडत नाही. त्याने सिस्टरांची पिशवी सातुरच्या पिशवीवर ठेवली, खालच्या पिशवीला गुडघा रोवला आणि दोर करकचून आवळला. पिशवी जोरात चूं करून ओरडली. बाल्बिनो क्षणभर थांबला. पुन्हा गुडघा दाबून बघितला. पुन्हा चूं.

"चांगले पट्टे आहेत," तो म्हणाला.

मग मात्र सातुरला डोंगर कशाला म्हणतात ते कळलं. बारा बरण्या मानेवर, खाली घाम, वर घोंगडी, समोर संपता न संपणारा चढ. गाणं केव्हाच बंद पडलं होतं; मागे बाल्बिनो सिस्टरांना लग्नाच्या जेवणाचा वाद सांगत होता, सातुरच्या माशापासून मंडळाच्या मोठ्या कढईपर्यंत. ज्या पोरांना त्याने सकाळी मागे टाकलं होतं ती "शाबास, आजोबा!" म्हणत पुढे गेली. चार तास चालून शेवटी खिंडीचा माथा दिसला, ढग फाटला, ऊन पडलं, आणि नेमकं तेव्हाच ढाम्मकन आवाज झाला.

गवतातले दोन घोडे उधळले. सिस्टरांनी छातीवर क्रॉस काढला. बाल्बिनो म्हणाला, "काय फुटलं?"

सातुरच्या तोंडचं पाणी पळालं. डोक्यात एकच गोष्ट होती, आणि तीच तोंडातून बाहेर आली.

"बरणी."

"अगं आई गं!" सिस्टर मटकन खाली बसल्या. "मदरना काय सांगू? उतरवा, उतरवा आधी, बाकीच्या तरी पुसून घेऊ." दोर सोडला, पिशवी उघडली, एकेक बरणी फडक्यातून बाहेर आली. एक, दोन, पाच, नऊ. दहा, अकरा. बारावी बरणी त्यांनी उन्हात धरली. एक ओरखडासुद्धा नव्हता.

"आपण तिघांनी ऐकलं ना फुटताना?" त्यांनी हळूच विचारलं.

"ऐकलं," बाल्बिनो म्हणाला.

"आणि बाराच्या बारा धड!" सिस्टर तिथेच गवतात गुडघ्यांवर बसल्या. "चमत्कार! माझ्यासारखीच्या मुरंब्यावर चमत्कार!" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

बाल्बिनोने टोपी काढून छातीशी धरली. मग अगदी गंभीर चेहऱ्याने तो सातुरच्या पाठीमागे गेला आणि तिथे बराच वेळ उभा राहिला. "व्याही, तुमची पिशवी बारीक झाली की हो."

"चालून चालून सामान खाली बसतं."

"बसतं खरं," बाल्बिनो म्हणाला.

उताराला लागून शंभर पावलंही झाली नसतील. बीचच्या जंगलात वाट सरळ खाली कोसळल्यासारखी उतरते. एवढ्यात बाल्बिनो "आय्!" करून एका मुळावर बसला. डावा गुडघा दोन्ही हातांनी धरून.

"गेला. गुडघा गेला, व्याही. नुसता चालेन कसातरी, पण ओझं नाही जमायचं." त्याने पाठीवरची पिशवी उतरवली आणि सातुरपुढे धरली. "अट म्हणजे अट. मी हरलो. जेवण पाम्प्लोनात."

सातुर जिंकला. दोन महिने ज्याचं स्वप्न बघितलं ते हातात आलं, आणि त्याला रडावंसं वाटायला लागलं.

"पिशवीत काय आहे एवढं जड?" त्याने कसंबसं विचारलं.

"चीजच्या दोन अख्ख्या चकत्या. आमच्या मेंढ्यांचं, दोन वर्षं मुरवलेलं. एक विहीणबाईंना, एक तुम्हाला. खाली गेल्यावर देणार होतो, आता सांगून टाकलं."

आता रडूच आलं. सातुरने नाक पुसलं, सिस्टरांची पिशवी पाठीवर, व्याह्यांची पिशवी पोटावर बांधली, मध्ये स्वतःची फुसकी पिशवी चपटी होऊन गेली, आणि तो उतरायला लागला. मांड्या थरथरत होत्या, बुटांत बोटं चेमटत होती, समोर चीज असल्याने पाय कुठे पडतोय तेही दिसत नव्हतं. दोनदा बसला, दोनदा उठला. एकदाही ओझं टाकलं नाही. बाल्बिनोचा पाव खाल्ला, घोंगडी पांघरली, आता त्याचा चौकही हिरावून घेतला; निदान चीज तरी पोचवू, एवढंच त्याच्या मनात होतं. मागे बाल्बिनो शीळ घालत येत होता. केवढा धीराचा माणूस, सातुरला वाटलं, एवढं दुखतंय आणि शीळ घालतोय.

रोन्सेसव्हायेसच्या मठाचं अंगण आलं तेव्हा सव्वासहा वाजले होते. बाल्बिनो उजवा पाय ओढत ओढत आत शिरला. कमानीखाली व्हॅनने आणलेल्या पिशव्या ओळीने मांडल्या होत्या, आणि ओळीत सगळ्यांत पुढे एक निळी पिशवी, तिला चकचकीत कुलूप, आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत सातुरचं नाव. सातुर तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. दोन पिशव्यांसकट तो एवढा रुंद होता की ती झाकली गेली. हलला असता तर दिसली असती, म्हणून तो हललाच नाही.

सिस्टर तोवर ऑफिसात जाऊन आल्या होत्या. त्यांचा चेहरा उजळला होता.

"मठाधिपती येताहेत! म्हणाले, असा चमत्कार वहीत लिहून ठेवायला हवा. तुमची साक्ष लागेल हं. पवित्र ग्रंथावर हात ठेवून सांगायचं, बरणी फुटली तो आवाज तुमच्याच पाठीवर झाला म्हणून."

सातुरच्या डोळ्यांपुढे एक जाडजूड वही आली. त्यात त्याचं नाव. शंभर वर्षांनी नेरेआची पणतवंडं ते वाचतील. त्याने पोटावरची पिशवी खाली ठेवली, पाठीवरची हळूच खाली ठेवली, मधली फुसकी पिशवी सोडली आणि बाजूला सरकला.

"बरणी फुटली नाही, सिस्टर," तो म्हणाला. बुटात लपवलेली किल्ली काढून त्याने फुसक्या पिशवीचं कुलूप उघडलं आणि फाटक्या लालपांढऱ्या चिंध्या बाहेर काढल्या. "हा फुटला. माझी खरी पिशवी ती मागे आहे, व्हॅनने आलेली. सकाळपासून मी हवा वाहतोय. व्याही, मी तुमचं खाल्लं, तुमचं पांघरलं आणि तुम्हाला फसवलं. जेवण इसाबाला. चौकातच."

मग सिस्टरांनी त्या चिंध्या हातात घेतल्या.

"म्हणजे चमत्कार नाही."

"नाही, सिस्टर."

"बरण्या मात्र तेरा किलोमीटर तुम्हीच आणल्यात?"

"हो."

"हवा उचलायला निघालेल्या माणसाने," सिस्टर विचार करत म्हणाल्या. "मग अगदीच काही झालं नाही असं नाही."

बाल्बिनो घसा खाकरत पुढे आला. "व्याही, उतारावर दोन पिशव्या उचलल्यात तुम्ही. पाम्प्लोनाच."

"छे! इसाबा."

"मी सांगतोय ना, पाम्प्लोना!"

"तुमच्या वडिलांना थडग्यातून उठवू का मी? इसाबा म्हणजे इसाबा!" दोघांचे आवाज चढले. सकाळपर्यंत जे आपापल्या गावासाठी भांडत होते ते आता एकमेकांच्या गावासाठी हातघाईवर आले. तेवढ्यात जेवणाची घंटा वाजली, आणि आतून तळलेल्या ट्राउट माशांचा वास अंगणात आला. बाल्बिनो वळला आणि दोन-दोन पायऱ्या एका ढेंगेत घेत वर पळत सुटला.

"व्याही!" सातुर ओरडला. "तुमचा गुडघा!"

बाल्बिनो सगळ्यांत वरच्या पायरीवर एका पायावर थबकला. वळला.

"कुठला?" त्याने विचारलं.

"जंगलात डावा होता," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "अंगणात येईपर्यंत उजवा झाला. मला वाटलं, तोही चमत्कारच असेल."

बाल्बिनोने टोपी काढली, डोकं खाजवलं. "दोर आवळताना गुडघा टेकवला आणि पिशवी बदकासारखी ओरडली. तेव्हाच कळलं. पुढे फुटल्यावर तर काय! मी सकाळपासून आठ किलो चीज वाहतोय आणि हे गृहस्थ हवा. म्हटलं, व्याह्यांच्या पाठीवर जागा झालीय, पोटावरही आहे. पण आईशप्पथ, वाटलं होतं वाटेत टाकून द्याल. टाकली नाहीत हो तुम्ही."

सातुरने त्याच्याकडे बघितलं. रागवायचं ठरवून तोंड उघडलं आणि हसूच बाहेर पडलं. असं हसू की कमानीला टेकून उभं राहावं लागलं. बाल्बिनो पायरीवर बसून मांडी बडवत होता. सिस्टरांनी दोघांचं हसणं संपेपर्यंत वाट पाहिली.

"दोघेही लबाड," त्या म्हणाल्या. "आता माझं ऐका. जेवण चौकात. मासा ह्यांच्या हातचा. आणि मंडळाची ती मोठी कढई दोघांनी मिळून न्यायची, गावच्या वेशीपासून पाठीवर. तिच्यात हवा भरता येत नाही."

तेवढ्यात सातुरचा फोन वाजला. नेरेआ होती. "बाबा, पोचलात? कोण जिंकलं?"

सातुरने बाल्बिनोकडे बघितलं, मग सिस्टरांकडे. त्या बाराव्या बरणीचं झाकण उघडून त्यात बोट बुडवत होत्या.

"सिस्टर फेलिसितास," तो म्हणाला. "त्यांनाही आमंत्रण पाठव, बेटा. आणि मासा मीच करणार आहे. इसाबाच्या चौकात, तुझ्या ताटात."

"ताट पुसून खाईन," नेरेआ म्हणाली.